वाडीचे समाजमंदिर सांभाळायला घेताना: नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

कोकणातल्या बहुतेक वाड्यांमध्ये आज एक समाजमंदिर असते. कुठे ते आमदार किंवा खासदार स्थानिक विकास निधीतून बांधलेले असते, कुठे समाजकल्याणाच्या वस्ती सुधार योजनेतून, तर कुठे मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून आणि वाडीच्या श्रमदानातून उभे राहिलेले असते. बांधकामाला पैसे मिळतात, उद्‌घाटनाची फीत कापली जाते, कोनशिलेवर नावे कोरली जातात आणि त्यानंतर झाडलोट, वीजबिल, गळके पत्रे व खुर्च्यांचा हिशेब हा सगळा भार वाडीतल्या कुणातरी एकावर येऊन पडतो. शिमग्याच्या किंवा गणपतीच्या बैठकीत ‘आता पोरांनी बघावं’ असे ठरते आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा हातात येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत चिटणीस म्हणून काम करताना जे कुणी सांगितले नव्हते आणि हळूहळू उमगत गेले, ते नव्या कार्यकर्त्यांसाठी क्रमाने लिहीत आहे. देशावरच्या किंवा विदर्भातल्या वाचकांनी पावसाचा भाग आपल्या हवामानाप्रमाणे बदलून घ्यावा. कागदपत्रे आणि हिशेब यांत मात्र फारसा फरक पडणार नाही.

1. झाडू हातात घेण्यापूर्वी कागद पाहा

समाजमंदिर कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न वाडीत विचारला की ‘आपल्या सर्वांचे’ असे उत्तर मिळते. भावना म्हणून ते खरे असले, तरी दुरुस्तीसाठी निधी मागताना, वीजमीटरचे नाव बदलताना किंवा शेजारच्या कुंपणावरून तंटा झाल्यावर या उत्तराचा काहीही उपयोग होत नाही. पुढील कागदांच्या प्रती मिळवून एका फाईलमध्ये लावणे हे पहिले काम समजा:

– जागेचा चालू सातबारा उतारा;
– जमीन खासगी असल्यास नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा खरेदीखत;
– इमारतीची ग्रामपंचायतीकडील नोंद, म्हणजे नमुना 8 चा उतारा, आणि इमारत ग्रामपंचायतीची असल्यास तिच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीतील नोंद;
– बांधकामाला मंजुरी देणारा ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव;
– काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि इमारत ताब्यात दिल्याचे पत्र;
– शेवटचे वीजबिल, त्यावरील ग्राहक क्रमांक आणि ग्राहकाचे नाव;
– मंडळ नोंदणीकृत असल्यास नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन आणि बँकेचे पासबुक.

यांतला सर्वांत मोठा सापळा जागेचा आहे. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सामाईक हिस्सेदार असणे ही नेहमीची गोष्ट असून, त्यांतले अनेकजण मुंबई, ठाणे, पुणे किंवा बडोद्याला स्थायिक झालेले असतात. तीस वर्षांपूर्वी एका भावाने तोंडी शब्दावर जागा दिलेली असते आणि पुढच्या पिढीतला पुतण्या ‘मला विचारले नव्हते’ असे म्हणत उभा राहतो. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताशिवाय पुरे होत नाही. साध्या मुद्रांकावर लिहिलेले संमतीपत्र शेजाऱ्यांची समजूत काढायला पुरेल, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या बक्षीसपत्राची जागा ते घेऊ शकत नाही. हयात असलेले हिस्सेदार गणपतीत गावी येतात, तेव्हाच हा विषय काढावा, आणि तोही पूजेच्या गर्दीत न काढता विसर्जनानंतरच्या निवांत दिवशी, प्रत्येकाच्या घरी जाऊन काढावा.

इमारत सरकारी निधीतून झालेली असेल, तर बहुधा ती ग्रामपंचायतीची मालमत्ता असते आणि मंडळ तिचा फक्त वापर व देखभाल करते. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून देखभालीचा ठराव लेखी करून घ्यावा. त्यात भाडे कोण घेणार, वीजबिल कोण भरणार, मोठी दुरुस्ती कोणाकडे आणि मुदत किती, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, म्हणून अर्ज लिहिताना नवे पदनाम घालावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

2. निर्णय कोणाचा, हे आधी ठरवा

कोकणातल्या वाडीला दोन मंडळे असतात: ग्रामीण आणि मुंबई. पैसा बराचसा मुंबईकडून येतो, हात मात्र गावाकडचे लागतात. मुंबई मंडळाची बैठक रविवारी कुठल्यातरी शाळेच्या वर्गात भरते, तिथे समाजमंदिराला फरशी बसवायचे ठरते, आणि गावात राहणाऱ्यांना ते भ्रमणध्वनीवर कळते. गावातल्यांच्या मते मात्र फरशीपेक्षा शौचालयाचा शोषखड्डा अधिक निकडीचा असतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते, कारण मुंबईकर वर्षातून पंधरा दिवस ज्या रूपात वास्तू पाहतात, ते रूप गावातल्यांना दिसणाऱ्या रूपापेक्षा वेगळे असते.

यावर एक साधी व्यवस्था करता येते. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ग्रामीण समितीने स्वतः करावा, त्यावरच्या खर्चाला दोन्ही मंडळांची लेखी संमती घ्यावी, आणि वादळात पत्रे उडणे किंवा मीटर जळणे अशा तातडीच्या प्रसंगी ग्रामीण समितीने आधी काम करून नंतर हिशेब द्यावा. ही मर्यादा बैठकीच्या इतिवृत्तात लिहून दोन्हीकडच्या अध्यक्षांच्या सह्या घ्याव्यात.

समितीत महिला असाव्यात, आणि त्या केवळ नावापुरत्या नसाव्यात. समाजमंदिर वर्षभर प्रत्यक्ष झाडणाऱ्या, सारवणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या बहुतांशी महिलाच असतात, पण खुर्च्या किती घ्यायच्या हे पुरुष ठरवतात. बचत गटाच्या एका सदस्येकडे खजिनदारपद दिल्यास हिशेब अधिक नेटका राहतो, हे माझे ठाम मत आहे, कारण गटाच्या बैठकांमुळे तिला पावती, शिल्लक आणि सही यांची सवय आधीच झालेली असते.

3. किल्ली, वही आणि देखभाल शुल्क

किल्लीचे दोनच संच असावेत: एक इमारतीच्या सर्वांत जवळच्या घरी, दुसरा चिटणिसाकडे. तिसरा संच तयार झाला की पाण्याच्या टाकीचा नळ कोणी चालू ठेवला, याचा शोध लागत नाही.

वही एकच ठेवावी आणि तिच्यात आरक्षण, वापर व बिघाड या तिन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहाव्यात. तारीख, कार्यक्रम, जबाबदार व्यक्तीचे नाव, मीटरचे आधीचे व नंतरचे वाचन, दिलेल्या खुर्च्या, सतरंज्या व भांडी, परत आलेल्या वस्तू, आणि शेवटी ‘काय बिघडले’ असा एक रकाना. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. ‘मागच्या खोलीतला पंखा आवाज करतो’, ‘मोरीचे पाणी तुंबते’ अशा ओळी वर्षभर साचल्या की मे महिन्यात कोणती कामे काढायची, याची यादी आयती तयार असते आणि बैठकीत त्यावर वाद होत नाही.

देखभाल शुल्काचे दर भिंतीवर लावावेत. वाडीतल्या घरासाठी एक, बाहेरच्यांसाठी दुसरा, आणि दुःखाच्या प्रसंगी काहीही घेऊ नये. लग्नासाठी अनामत आगाऊ घ्यावी व तपासणी झाल्यावर त्याच दिवशी परत करावी; अनामत अडकवून ठेवणारे मंडळ वाडीत लवकर बदनाम होते. वीज मात्र शुल्कात धरू नये. मीटरच्या वाचनावरून वेगळी आकारावी, कारण एका लग्नाची रोषणाई आणि महिन्याभराचा हरिपाठ यांचे बिल सारखे येत नाही. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. ‘घरचाच माणूस आहे, पावती कशाला’ हे वाक्य ऐकू आले, तरी पावती फाडावीच.

दर लावताना आणि तारीख देताना जातीवरून, भावकीवरून किंवा राजकीय पक्षावरून भेद होता कामा नये. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक जागेचा वापर नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 खाली गुन्हा आहे. प्रत्यक्षात नकार उघडपणे दिला जात नाही, ‘त्या दिवशी तारीख नाही’ असे सांगितले जाते. म्हणून आरक्षणाची वही कोणालाही पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावी.

4. उपक्रम: वास्तू बंद राहू देऊ नका

जे समाजमंदिर वर्षातून चार वेळा उघडते, त्याच्या दुरुस्तीला कोणी वर्गणी देत नाही, आणि ज्या समाजमंदिरात रोज कोणीतरी जाते, तिथे गळती पहिल्याच आठवड्यात लक्षात येते. त्यामुळे उपक्रम हा देखभालीचाच भाग मानावा. सुरुवात नव्या कल्पनेपासून करू नये. वाडीत आधीच जे चालते, त्याला जागा द्यावी.

पावसाळ्यात श्रावणातल्या पोथ्या आणि हरिपाठ असतो, गणपतीपूर्वी जाखडी या लोकनृत्याच्या तालमी रात्री रंगतात, भातकापणी उरकली की नमन या लोकनाट्याची तयारी सुरू होते, मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, मग शिमगा येतो आणि मे महिन्यात लग्ने व मुंबईकरांसह वाडीची सत्यनारायणाची पूजा होते. या चक्रात जून व जुलै आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मोकळा राहतो. आरोग्य केंद्राचे लसीकरण सत्र, रक्तगट तपासणी किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांची (पूर्वीचे कृषी सहायक) भातावरील करप्याबाबतची बैठक याच काळात घालावी. आशा सेविकांना आधी विचारावे. सत्राचे दिवस त्यांना ठाऊक असतात आणि त्यांना कोरडी, पंखा असलेली खोली हवीच असते.

मुलांसाठी अभ्यासिका सुरू करायची असेल, तर टेबलांवर खर्च करण्यापूर्वी दोन नळकांडी दिवे आणि एक निश्चित वेळ, इतकेच करून पाहावे. दहावी-बारावीची मुले असलेल्या घरांतून पाळीपाळीने एक मोठा माणूस तिथे बसला, तर अभ्यासिका टिकते. नुसती किल्ली मुलांच्या हाती दिली, तर कॅरम टिकतो. वाचनालयाबाबत घाई नको. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय होण्यासाठी नोंदणी, पुस्तकांच्या व वर्गणीदारांच्या नोंदी आणि नियमित वेळ पाळणारी व्यक्ती लागते. तोवर एक कपाट पुरते, फक्त ते बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते आणि मागून वाळवी चढते.

ग्रामसभा समाजमंदिरात भरवावी यासाठी ग्रामपंचायतीला लेखी निमंत्रण द्यावे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा आहेत आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते, तिलाही हीच जागा सोयीची पडते. गळके छप्पर सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी खाली बसून पाहिले, की दुरुस्तीचा विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालणे बरेच सोपे होते.

5. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची कामे: छप्पर, पागोळ्या, वायरिंग

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. मृगाआधी, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, पुढील कामे उरकावीत. जूनवर ढकलल्यास गवंडी मिळत नाही आणि मिळालाच तर सिमेंट सुकत नाही.

छप्पर. पत्र्याचे छप्पर गळते ते बहुधा पत्र्यातून गळत नाही, हुकाच्या भोकातून गळते. हुकाखालचा डांबरी किंवा रबरी वायसर उन्हाने कडक होऊन चिरतो आणि वाऱ्याने पत्रा हलला की भोक मोठे होते. भर दुपारी आत दिवे बंद करून वर पाहावे. जिथून उजेडाचा टिपका दिसतो, तिथे खडूने खालच्या पाइपावर खूण करावी आणि मग वर चढावे. पत्र्यावर पाय ठेवायचा तो हुकांच्या रांगेवर, कारण तिच्याखाली आधाराचा पाइप असतो. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय चढूच नये, आणि शेवाळ आलेल्या पत्र्यावर सुकलेला दिसला तरी चढू नये. जुने सिमेंटचे पत्रे फोडणे किंवा त्यांना छिद्रे पाडणे टाळावे, त्यांतल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते. हे काम उत्साही मुलांकडून करून घेऊ नये. छपरावरून पडलेल्या माणसाच्या उपचाराला मंडळाची शिल्लक पुरत नाही.

कडेच्या ओळीतले हुक दुप्पट ठेवावेत. वारा पत्रा उचलतो तो बहुधा वळचणीच्या टोकाकडून. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य छपरे उडवली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले. तेव्हापासून इमारतीचे चारही बाजूंनी, छपराचे आणि आतल्या सामानाचे छायाचित्र मेअखेरीस काढून ठेवणे आवश्यक झाले आहे. नुकसान झाल्यावर पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) बोलावताना आधीची स्थिती दाखवता येते.

पागोळ्या आणि जांभा. जांभ्याचा चिरा पाणी शोषतो. पन्हळ नसेल, तर पागोळ्यांची धार जमिनीवर आपटून लाल चिखल भिंतीवर उडतो, जोत्याजवळचा गिलावा फुगतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत चिऱ्यांमधला दर्जा, म्हणजे सांध्यातला भराव, मोकळा होतो. खर्चिक उपाय पन्हळीचा. स्वस्त उपाय म्हणजे पागोळीच्या रेषेत हातभर रुंदीचा चर खणून त्यात खडी भरणे. धार खडीवर पडते, चिखल उडत नाही. चराचा उतार मात्र इमारतीपासून दूर हवा. झडीच्या बाजूला खिडक्यांना आडोसा बांधावा आणि ऑक्टोबरमध्ये तो आठवणीने काढावा, नाहीतर वाऱ्याने फाटलेल्या निळ्या कापडाच्या चिंध्या शिमग्यापर्यंत लोंबकळत राहतात.

परिसर. बांधकामातून उरलेले चिरे, लाकडे आणि फुटक्या कौलांचा ढीग भिंतीलगत ठेवू नये. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे या विषारी सापाचा त्रास किती आहे, हे वेगळे सांगायला नको, आणि फुरसे नेमके अशाच जागी बसते. ढीग हलवताना हात घालण्यापूर्वी काठीने किंवा पहारीने दगड उलटावा; पायांत बूट हवेत, चप्पल नको.

वायरिंग. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. गळती प्रवाह रोखणारे 30 मिलिॲम्पिअरचे यंत्र मुख्य फलकावर बसवलेले नसेल, तर इतर सर्व खर्च मागे ठेवून ते आधी बसवावे. त्यावर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा दाबावे, वीज तुटली नाही तर ते निकामी झाले असे समजावे.

पाणी आणि शौचालय. टाकी वर्षातून दोनदा धुवावी, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा गणपतीपूर्वी. क्लोरीन भुकटीचे प्रमाण अंदाजाने न घालता ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना विचारावे. शौचालय लग्नाच्या दिवशी तुंबले असे सर्वजण सांगतात, पण ते आधीच तुंबलेले असते, त्या दिवशी कळते एवढेच.

6. श्रमदानाची आखणी

मे महिन्यातला रविवार निवडावा, चाकरमानी गावात असताना. ‘घरटी एक माणूस’ हा जुना नियम अजूनही चालतो, मात्र आता अनेक घरांना कुलूप आहे आणि उघड्या घरांत सत्तरीपुढची माणसे आहेत, हे लक्षात घेऊन कामे वाटावीत. ज्यांना पहार झेपत नाही, त्यांनी खुर्च्या पुसाव्यात, भांडी मोजावीत, सतरंज्या उन्हात घालाव्यात किंवा चहाचे पाहावे. गैरहजर घरांना दंड लावण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. दंडाची वसुली होत नाही आणि अबोला वर्षभर टिकतो, त्यामुळे मला ती पसंत नाही. न आलेल्या घराला पुढच्या महिन्यातले एखादे काम नेमून द्यावे.

साहित्य आदल्या संध्याकाळी जमवावे: खराटे, घमेली, फावडी, पहार, कोयते, घासण्याचे ब्रश, चुना, शिडी, दोरखंड, वायसर व हुक, हातमोजे आणि प्रथमोपचाराची पेटी. सकाळी सातला सुरुवात करून अकराला थांबावे. त्यापुढे ऊन सोसत नाही आणि कामापेक्षा चर्चा वाढते.

7. आवाज, वीज आणि गॅस

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत ऐकू जाईल अशा वापराला नियमांत सूट आहे, पण तीन बाजूंनी उघडा सभामंडप बंदिस्त ठरत नाही. वर्षातल्या काही मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत असते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, म्हणून नमनाचा किंवा दशावताराचा प्रयोग ठरवण्यापूर्वी ती यादी पाहावी आणि पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी वेळेत अर्ज द्यावा. अर्जाची प्रत पोलीस पाटलांकडेही द्यावी.

मंडपवाल्याला आकडा टाकू देऊ नये. तो विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरीचा गुन्हा आहे, आणि मीटर ज्याच्या नावावर त्याची चौकशी आधी होते. भार जास्त असेल, तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी किंवा जनित्र आणावे. स्वयंपाकाला घरगुती लाल सिलिंडर न वापरता 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणायला सांगावे आणि तो मोकळ्या हवेत, उभा ठेवावा.

8. कारभार पुढे सोपवताना

तुमची मुदत संपेल तेव्हा किल्ली देण्याआधी नव्या चिटणिसाला घेऊन इमारतीतून एक फेरी मारावी. कोणता हुक दर वर्षी ढिला होतो, कोणत्या खिडकीचा कोयंडा उचलून लावावा लागतो, टाकीची मुख्य झडप कुठे गाडलेली आहे, या गोष्टी कोणत्याही वहीत नीट लिहिता येत नाहीत. त्यानंतर जडवस्तूंची, म्हणजे टिकाऊ सामानाची, यादी मोजून दोघांच्या सह्या कराव्यात, कागदांची फाईल पावतीवर द्यावी आणि बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव त्याच बैठकीत मंजूर करून घ्यावा. हा ठराव राहून गेला, तर नव्या समितीला पहिल्या वीजबिलासाठीही जुन्या खजिनदारांना डोंबिवली-विरारहून बोलवावे लागते.